घाटापलीकडचा पाऊस

पुणे शहरात वर्षभरात सरासरी सुमारे सातशे मिलिमीटर पाऊस पडतो. त्याच शहरातून चांदणी चौक, पिरंगुट, पौड आणि मुळशी धरण असा पश्चिमेकडे जाणारा रस्ता जेथे कोकणात उतरू लागतो, त्या ताम्हिणी घाटात हीच सरासरी सहा हजार मिलिमीटरच्या घरात जाते. हे अंतर पन्नास-साठ किलोमीटरचे, म्हणजे सराईत सायकलस्वाराला अडीच-तीन तासांत कापता येण्याजोगे आहे. अरबी समुद्रावरून येणारे बाष्पाने भरलेले वारे सह्याद्रीला अडून वर चढतात, वर चढताना थंड होतात आणि त्यांतील बाष्पाचा मोठा भाग घाटमाथ्यावरच पाऊस होऊन कोसळतो. पलीकडे उतरणाऱ्या हवेत फारसा ओलावा उरत नसल्याने पूर्वेकडचा प्रदेश कोरडा पडत जातो, आणि त्यालाच पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात. खराब हवामानात सायकल काढावी की नाही, हे ठरवताना बहुतेक जण घराच्या खिडकीतून आभाळ पाहतात. कोथरूडच्या खिडकीतून दिसणारे आभाळ ताम्हिणीबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाही, आणि सह्याद्रीच्या परिसरातील पावसाळी सायकलस्वारीचा विचार या एका वस्तुस्थितीपासून सुरू करावा लागतो.

२५ जुलै २०२४ रोजी सकाळी संपलेल्या चोवीस तासांत ताम्हिणीला ५५६ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तर पुण्यात शिवाजीनगर येथे ११४ मिलिमीटर. शहराच्या मानाने तोही फार मोठा पाऊस होता. परंतु सिंहगड रस्त्याच्या परिसरातील सखल वस्त्यांत त्या दिवशी जे पाणी शिरले, ते केवळ तेथे पडलेल्या पावसाचे नसून खडकवासला धरणातून मुठा नदीत सोडलेल्या विसर्गाचेही होते. म्हणजे घाटात पडलेला पाऊस काही तासांनी शहरातल्या रस्त्यावर येऊन पोहोचतो, आणि तोवर शहरात कदाचित ऊनही पडलेले असते. अंतर याहून कमी असले तरी तफावत राहतेच. २६ जुलै २००५ च्या महापुरात मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्याच चोवीस तासांत कुलाब्याची नोंद मात्र ७४ मिलिमीटरच्याही आतली होती.

हे आकडे वाचण्याची एक रीत आहे आणि ती ठाऊक नसली तर अंदाजाचा उपयोग निम्म्यावर येतो. भारतीय हवामान विभागाचा पर्जन्यदिन सकाळी साडेआठला सुरू होऊन दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला संपतो. त्यामुळे सकाळच्या बातम्यांत ‘आजचा पाऊस’ म्हणून सांगितला जाणारा आकडा बहुतांशी कालच्या दुपारचा, संध्याकाळचा आणि रात्रीचा असतो. चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर पाऊस म्हणजे मुसळधार, ११५.६ ते २०४.४ म्हणजे अति मुसळधार आणि त्यापुढचा अत्यंत मुसळधार, अशी विभागाची वर्गवारी आहे. पाऊस किती पडेल याबरोबरच तो किती ठिकाणी पडेल हेही अंदाजात सांगितलेले असते, आणि वाचकाची सर्वाधिक फसगत येथेच होते. एखाद्या प्रदेशातील पर्जन्यमापन केंद्रांपैकी चौथ्या हिश्शापर्यंतच्या केंद्रांवर पाऊस अपेक्षित असेल तर ‘तुरळक ठिकाणी’, निम्म्यापर्यंत असेल तर ‘काही ठिकाणी’, पाऊण हिश्शापर्यंत ‘बऱ्याच ठिकाणी’ आणि त्याहून अधिक असेल तर ‘बहुतांश ठिकाणी’ असे लिहिले जाते. ‘तुरळक ठिकाणी अति मुसळधार’ हे शब्द वाचून पाऊस तुरळक असेल असे समजणारा सायकलस्वार नेमक्या त्या एखाद-दुसऱ्या ठिकाणी जाऊन पोहोचला, तर त्याच्या वाट्याला पूर्ण अति मुसळधार पाऊस येतो. आणि पुणे, सातारा किंवा कोल्हापूर जिल्ह्यात ही तुरळक ठिकाणे बहुधा घाटमाथ्यावरचीच असतात. म्हणूनच विभागाच्या इशाऱ्यांत या जिल्ह्यांचा घाट परिसर वेगळा दाखवला जातो, आणि सायकलस्वाराने आपण राहतो त्या भागाचा रंग न पाहता आपण जाणार त्या भागाचा रंग पाहावयास हवा. हिरवा, पिवळा, नारिंगी आणि लाल हे चार रंग मुळात प्रशासनाने किती सज्ज राहावे हे सांगण्यासाठी आहेत; तरीही घाटासाठी नारिंगी वा लाल रंग असताना तेथे मौजेखातर सायकल नेणे कोणत्याही युक्तिवादाने समर्थनीय ठरत नाही. पिवळ्या रंगाच्या दिवशी मात्र खरा विचार करावा लागतो, आणि पावसाळ्यातले बरेचसे दिवस पिवळेच असतात. अशा दिवशी दर तीन तासांसाठी दिला जाणारा तात्कालिक अंदाज आणि रडारचे चित्र सकाळच्या अंदाजापेक्षा अधिक उपयोगी पडतात, कारण ढग कोठे आहेत आणि कोणत्या दिशेने सरकत आहेत हे त्यांत प्रत्यक्ष दिसते.

पावसाचे महिने सरसकट एकाच मापाने मोजता येत नाहीत. एप्रिल-मे महिन्यांतला वळीव जमीन तापल्यामुळे उसळी घेणाऱ्या हवेतून तयार होतो. त्याचे ढग दहा-बारा किलोमीटर किंवा त्याहूनही उंच वाढतात, त्यांच्या वरच्या भागात हिमकण आणि गारा असतात, त्यांच्या परस्परांवर आपटण्याने विद्युतभार वेगळे होतात आणि वीज पडते. जुलै-ऑगस्टमधले किनाऱ्याकडचे व घाटातले पावसाचे ढग तुलनेने बुटके असल्याने त्यांतून पाऊस धो धो पडला तरी विजा कमी चमकतात. सायकलस्वाराच्या दृष्टीने या भेदाचा अर्थ असा, की वळवाच्या आणि परतीच्या पावसाच्या दिवसांत धोका बहुधा दुपारनंतर येतो आणि पहाटे निघून दहा-अकराच्या आत घरी परतणाऱ्याला तो सहसा गाठत नाही, तर आषाढ-श्रावणातला पाऊस घड्याळ पाळत नाही, परंतु त्याच्यापासून विजेचे भय तुलनेने कमी असते. मराठवाडा आणि विदर्भात शेतकरी, गुराखी आणि रस्त्याने जाणारी माणसे विजेने दगावण्याच्या ज्या दुःखद बातम्या दरवर्षी येतात, त्यांचा जोर मॉन्सूनच्या आगेमागेच का असतो, हेही यावरून समजते.

सायकल लोखंडाची असल्यामुळे वीज तिच्याकडे ओढली जाते, हा समज खरा नाही; वीज कोठे पडेल हे ठरवण्यात धातूपेक्षा उंचीचा, टोकदारपणाचा आणि एकटेपणाचा वाटा मोठा असतो. मोकळ्या माळावर किंवा धरणाच्या भिंतीवर सायकलवर बसलेला माणूस हाच भोवतालच्या परिसरातला सर्वांत उंच बिंदू असतो, ही खरी अडचण आहे. रबरी टायर वाचवतात हाही तितकाच चुकीचा समज आहे, कारण ढगापासून जमिनीपर्यंत काही किलोमीटर हवा भेदून आलेल्या विजेपुढे दोन बोटे जाडीच्या रबराला काही अर्थ उरत नाही. ध्वनीला एक किलोमीटर जायला सुमारे तीन सेकंद लागतात. म्हणून लखलखाट दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजून त्यांना तिनाने भागले की विजेचे अंतर किलोमीटरमध्ये मिळते, आणि हे सेकंद तिसांच्या आत आले, म्हणजे वीज दहा किलोमीटरच्या आत आली, की पक्क्या इमारतीचा किंवा बंद मोटारीचा आसरा घ्यावा आणि शेवटचा गडगडाट ऐकल्यानंतर अर्धा तास तेथून हलू नये, असा जगभर मानला जाणारा संकेत आहे. झाडाखाली थांबणे हा आसरा नव्हे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ हे मोबाइल अॅप आसपास पडणाऱ्या विजांची माहिती देते; वळवाच्या दिवसांत लांबच्या वाटेला लागणाऱ्या प्रत्येकाकडे ते असावे.

वाऱ्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते, याचे कारण तो दिसत नाही आणि सायकलवर बसेपर्यंत जाणवतही नाही. हवेचा विरोध हा हवेच्या सापेक्ष वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी वीस किलोमीटरने चाललेल्या सायकलस्वाराला समोरून ताशी वीस किलोमीटरचा वारा लागला, तर त्याच्या अंगावर येणारी हवा ताशी चाळीस किलोमीटरची होते आणि तोच वेग टिकवण्यासाठी हवेविरुद्ध खर्च करावी लागणारी शक्ती चौपट होते. जाताना समोरचा वारा आणि येताना पाठीचा वारा यांची फिट्टंफाट होते असे वाटते, परंतु वेळेचा हिशेब तसा जुळत नाही: चोवीस किलोमीटर अंतर जाताना ताशी बारा आणि येताना ताशी अठ्ठावीस किलोमीटर वेग पडला, तर एकूण वेळ दोन तास एकावन्न मिनिटे लागतो, तर शांत हवेत ताशी विसाने हीच फेरी दोन तास चोवीस मिनिटांत होते. मॉन्सूनमध्ये पुण्याच्या परिसरात वारा पश्चिमेकडून वाहतो. त्यामुळे मुळशीकडे जाणाऱ्याला जाताना त्रास आणि येताना मदत होते, आणि हा क्रम चांगला आहे. उलट सोलापूर रस्त्याने पूर्वेकडे निघालेला सायकलस्वार पाठीवरच्या वाऱ्याच्या बळावर आपली ताकद वाढली आहे असे समजून लांब निघून जातो आणि थकल्यावर त्याला तो सारा वारा छातीवर घेत परतावे लागते. नेदरलँड्समधील ओस्टरस्खेल्डे या समुद्री बंधाऱ्यावर २०१३ पासून समोरच्या वाऱ्याविरुद्ध सायकल चालवण्याची राष्ट्रीय स्पर्धाच भरवली जाते. साध्या, गिअर नसलेल्या सायकलींवर साडेआठ किलोमीटर जायचे असते आणि पुरेसे वादळ येणार असा अंदाज आला की मगच थोडे दिवस आधी तारीख जाहीर होते. त्या सपाट, झाडे नसलेल्या बंधाऱ्यावर समोरून येणारा वारा दमवतो, पण पाडत नाही.

पाडतो तो बाजूचा वारा. घाटातल्या खिंडीतून बाहेर पडताना, पुलाच्या तोंडाशी, किंवा शेजारून गेलेल्या मालट्रकमुळे क्षणभर आडोसा मिळून तो एकदम सुटताना सायकल हातभर बाजूला सरकते, आणि त्याच वेळी मागून वाहन येत असेल तर तो हातभरच जीवघेणा ठरतो. वळवाच्या आधी ढगातून खाली आदळणारी थंड हवा जमिनीवर पसरते तेव्हा धुळीचे लोट उठतात आणि काही मिनिटांत तापमान उतरते. शहरात या वाऱ्याने गुलमोहराच्या ठिसूळ आणि पर्जन्यवृक्षाच्या जड फांद्या मोडून पडतात. हा वारा सुटल्यावर पाऊस यायच्या आत घर गाठू म्हणून जोरात पायडल मारण्यापेक्षा, झाडे नसलेल्या जागी पक्क्या आडोशाला थांबणे शहाणपणाचे असते.

रस्त्याची निसरडी अवस्था हा विषय मात्र तपशिलाने पाहण्यासारखा आहे, कारण त्याबद्दलचे पुष्कळ समज मोटारीवरून सायकलीवर आलेले आहेत. मोटारीचे टायर पाण्याच्या थरावर तरंगू लागून रस्त्याशी त्यांचा संबंध तुटणे, हा प्रकार सायकलच्या बाबतीत व्यवहारात घडत नाही. हा धोका ज्या वेगाला सुरू होतो तो टायरमधील हवेच्या दाबावर अवलंबून असतो आणि अरुंद, कडक फुगवलेल्या सायकलच्या टायरसाठी तो वेग ताशी शंभर किलोमीटरच्याही बराच पुढे असतो. म्हणूनच रस्त्यावरच्या सायकलच्या टायरला नक्षी असली काय आणि नसली काय, ओल्या डांबरावर फारसा फरक पडत नाही. टायरमध्ये हवा थोडी कमी ठेवल्याने आणि टायर रुंद वापरल्याने मात्र पकड सुधारते. ओल्या डांबराची पकड कोरड्या डांबराहून कमी असली तरी ती पुरेशी असते. घसरण्याचे प्रसंग येतात ते डांबरावर नसलेल्या गोष्टींमुळे. झेब्रा क्रॉसिंगचे आणि गतिरोधकाचे पांढरे पट्टे, मॅनहोलची लोखंडी झाकणे, रेल्वे फाटकातले रूळ, पुलाच्या सांध्यावरच्या लोखंडी पट्ट्या, गळून कुजलेली पाने, कोकणातल्या जांभ्याचा लाल चिखल, घाटातल्या सावलीच्या वळणावर वाढलेले शेवाळ, यांवरून सायकल सरळ आणि ब्रेक न लावता न्यावी लागते. सायकल वळताना आतल्या बाजूला झुकते, आणि झुकलेल्या अवस्थेत पुढचे चाक घसरले तर सावरायला जवळजवळ वेळच मिळत नाही.

कोरड्या दिवसांनंतरच्या पहिल्या पावसात रस्ता सर्वांत निसरडा असतो, हे अनेकांना उलटे वाटते. आठ-दहा दिवसांत साचलेली धूळ, वाहनांचे गळलेले तेल आणि टायरची भुकटी पहिल्या सरीत भिजून रस्त्यावर चिकट थर होतो आणि तो पुढच्या जोराच्या पावसानेच धुऊन जातो. म्हणजे जूनच्या पहिल्या भुरभुरीत निघणारा सायकलस्वार जुलैतल्या भर पावसात निघणाऱ्यापेक्षा रस्त्याच्या बाबतीत अधिक धोका पत्करतो. उन्हाळ्यानंतरची ती पहिली सर अंगावर घेण्याचा मोह कितीही समजण्यासारखा असला, तरी अर्धा तास थांबून निघणे केव्हाही बरे.

ब्रेकचा प्रश्न पकडीपेक्षा गंभीर आहे. ज्या सायकलींत चाकाच्या रिमवर रबरी गुटके दाबले जातात, त्यांत रिम ओली असताना ब्रेक दाबल्याबरोबर काहीच होत नाही. चाक एक-दोन वेळा फिरून रिमवरचे पाणी पुसले गेल्यावर मग गुटके धरू लागतात आणि तोवर सायकल काही मीटर पुढे गेलेली असते. ॲल्युमिनियमच्या रिमपेक्षा जुन्या पद्धतीच्या चकचकीत लोखंडी रिमवर हा प्रकार कितीतरी वाईट असतो, आणि अशाच सायकली दूधवाले, पेपरवाले आणि मजूर वापरतात, जे पावसाचे कारण सांगून घरी बसू शकत नाहीत. ढोबळ हिशेब करायचा तर ताशी तीस किलोमीटर वेगाने जाणारी सायकल कोरड्या रस्त्यावर ब्रेक धरल्यापासून सुमारे सात मीटरमध्ये थांबत असेल, आणि ओल्यात ब्रेकचा जोर निम्म्यावर आला, तर तिला चौदा मीटर लागतात. धोका दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंतच्या एका सेकंदात ती आठ मीटर आधीच गेलेली असते. घाटाच्या उतारावर ताशी पंचेचाळीस किलोमीटर वेग असेल, तर ब्रेकचे तेच बळ आणि सहा टक्क्यांचा उतार धरून नुसते थांबण्याचे अंतर चाळीस मीटरच्या पुढे जाते, आणि धुक्यात चाळीस मीटरवरचे पुष्कळदा दिसतही नाही. चाकाच्या मध्यभागी चकती असलेले डिस्क ब्रेक ओल्यात पुष्कळ चांगले चालतात, पण ते फक्त चाक थांबवतात. चाक थांबल्यावर सायकल थांबवण्याचे काम टायर आणि रस्ता यांचेच असते. यावरून सायकलस्वाराला एक सोपी कसोटी मिळते: चढताना ज्या घाटात वीस पावलांपलीकडचे दिसत नाही, तो घाट त्या दिवशी उतरायचा नसतो.

रस्त्यावरून वाहणारे पाणी ही तर अशी बाब आहे की जेथे विचाराला जागाच नाही. वाहत्या पाण्याचा रेटा त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने घोट्याच्या वर, वीतभर खोलीचे वेगवान पाणीही प्रौढ माणसाचे पाय उचलू शकते आणि गुडघ्याच्या वरचे पाणी मोटारीसुद्धा वाहून नेते. सायकल हातात धरून पलीकडे जाणे त्याहून धोक्याचे, कारण तिची चाके, पिशव्या आणि मडगार्ड पाण्याला आणखी अडवतात, आणि पाय सुटले तरी माणूस सायकल सोडायला तयार नसतो. साचलेले पाणी वाहत नसले तरी त्याखालचा खड्डा किंवा उघडे मॅनहोल दिसत नाही. शहरातल्या साचलेल्या पाण्यात उंदरांच्या मूत्रातून आलेले लेप्टोस्पायरोसिसचे जंतू असू शकतात आणि ते पायावरच्या साध्या खरचटण्यातूनही शरीरात शिरतात. मुंबईत अशा पाण्यातून चालत गेलेल्यांनी ७२ तासांच्या आत डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रतिबंधक औषध घ्यावे, असे आवाहन महानगरपालिका दर पावसाळ्यात करते. मडगार्ड नसलेल्या शर्यतीच्या सायकलवर पुढच्या चाकाने उडवलेले हेच पाणी खालच्या नळीला अडकवलेल्या बाटलीच्या तोंडावर बसते आणि पुढच्या घोटाबरोबर पोटात जाते. झाकण असलेली बाटली घेणे हा त्यावरचा साधा उपाय आहे.

भिजण्यामुळे लागणारी थंडी महाराष्ट्रात सहसा जीवावर बेतत नाही, पण ती निर्णयशक्तीवर आणि बोटांवर परिणाम करते. पायडल मारताना शरीर जी ऊर्जा वापरते तिच्यातील सुमारे पाऊण भाग उष्णता म्हणून बाहेर पडतो, म्हणून चढावर भिजलेला माणूसही घामाघूम असतो. घाटमाथ्यावर पोहोचून उतार लागला की ही भट्टी विझते, अंगावर ताशी चाळीस किलोमीटरचा वारा येतो, ओले कपडे सुकताना शरीराचीच उष्णता घेतात, आणि दहा मिनिटांत बोटे इतकी बधिर होतात की ब्रेकचा दांडा किती दाबला हे कळत नाही. हिमालयात हेच प्राणावर येते. मनाली-लेह मार्गावर दरवर्षी महाराष्ट्रातून अनेक सायकलस्वार जातात, आणि तेथील बारालाचा खिंड ४,८०० मीटरहून उंच आहे. या बाबतीत सायकल शर्यतींच्या इतिहासातील एक दिवस अभ्यासण्यासारखा आहे. ५ जून १९८८ रोजी ‘जिरो द इतालिया’ या इटलीतील शर्यतीचा टप्पा २,६०० मीटरहून उंच असलेल्या गाविया खिंडीतून जात असताना तेथे बर्फ पडत होता. हॉलंडचा योहान व्हान डर व्हेल्डे पुरेसे गरम कपडे न घालता सर्वांच्या पुढे माथ्यावर पोहोचला, परंतु उतारावर त्याला थंडी सहन न होऊन आसऱ्याला थांबावे लागले आणि टप्प्याअखेरीस तो पाऊण तासाहून अधिक मागे पडला. अमेरिकेच्या अँडी हॅम्पस्टेनच्या संघाने त्याच सकाळी गरम कपड्यांची खरेदी करून ठेवली होती. हॅम्पस्टेन त्या दिवशी दुसरा आला, पुढे ती शर्यत जिंकला आणि जिरो जिंकणारा पहिला अमेरिकन ठरला. दोघांचा चढ सारखाच होता. फरक उताराचा विचार सकाळी कोणी केला होता यात होता.

व्यावसायिक शर्यतींना हा धडा नियमात उतरवायला पुढे बराच काळ लागला. आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने २०१६ च्या हंगामापासून टोकाच्या हवामानासाठी एक कार्यपद्धती लागू केली; तिच्यानुसार गोठणारा पाऊस, रस्त्यावर साचलेला बर्फ, जोराचा वारा, अति थंडी वा उष्णता, कमी दृश्यमानता किंवा हवेचे प्रदूषण असेल, तर आयोजक, संघ, स्पर्धक आणि वैद्यकीय अधिकारी यांच्या प्रतिनिधींनी एकत्र बसून टप्पा बदलावा, लहान करावा किंवा रद्द करावा. त्याच वर्षी मार्चमध्ये पॅरिस-नीस शर्यतीचा एक टप्पा हिमवर्षावामुळे मध्येच थांबवून रद्द केला गेला. या तरतुदीमागील तत्त्व हौशी सायकलस्वारालाही लागू पडते: दमलेला, थंडावलेला आणि ध्येयाच्या जवळ आलेला माणूस थांबण्याचा निर्णय घ्यायला सर्वांत अपात्र असतो, म्हणून तो निर्णय कोणीतरी आधी आणि गोठलेल्या बोटांपासून दूर बसून घ्यावा लागतो. ठरावीक वेळेत लांब अंतर पुरे करण्याच्या ‘ब्रेव्हे’ या प्रकारात, ज्यात दोनशे किलोमीटरसाठी साडेतेरा तास मिळतात, हा प्रश्न विशेष तीव्र होतो, कारण नावनोंदणी झालेली असते, शंभर किलोमीटर मागे पडलेले असतात आणि तेवढ्यासाठी उरलेलेही करून टाकू असे मन सांगू लागते. मागचे किलोमीटर पुढच्या रस्त्याची स्थिती बदलत नाहीत. यावर उपयोगी पडतो तो उपाय असा, की घरून निघण्यापूर्वीच वाटेवरील दोन-तीन जागा परतण्यासाठी ठरवाव्यात, मुळशीच्या वाटेवर पौड आणि धरणाचा परिसर यांसारख्या, जेथे आसरा, वाहन आणि मोबाइलची रेंज मिळते. प्रत्येक जागी कोणत्या परिस्थितीत मागे फिरायचे हे लिहून ठेवावे आणि सोबत्यांपैकी सर्वांत नवख्याला एकट्याच्या शब्दावर सर्वांना मागे फिरवण्याचा अधिकार द्यावा. काही वेळा हा निर्णय प्रशासनाने आधीच घेतलेला असतो. पावसाळ्यात वरंध घाटातील वाहतुकीवर किंवा धबधब्यांच्या परिसरातील पर्यटनावर जिल्हाधिकारी निर्बंध घालतात, आणि ते पाहूनच वाट ठरवावी. माळीण, तळिये आणि इर्शाळवाडी येथील दरडींनी २०१४, २०२१ आणि २०२३ सालच्या जुलै महिन्यांत किती माणसे गाडली, हे आठवले की अशा निर्बंधांना अडथळा मानणे कठीण जाते.

हवामान वाईट नसते, कपडे चुकीचे असतात, अशा अर्थाची उक्ती उत्तर युरोपात प्रचलित असून आता ती येथील सायकलस्वारांच्या तोंडीही ऐकू येते. ती ज्या प्रदेशात रुजली तेथे ती बरोबर आहे. परंतु नेदरलँड्समध्ये सबंध वर्षात मिळून सरासरी साडेआठशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे सांताक्रूझला २००५ मध्ये एका दिवसात पडला त्याहून कमी. तेथील रिमझिम वर्षभर वाटली गेलेली आहे आणि तिच्याशी रेनकोटने झगडता येते. येथे बारमाही पावसाचे माप चार महिन्यांत, आणि कधी चार दिवसांत, ओतले जाते. त्यापुढे कपड्यांचा मुद्दा मागे पडून रस्ता, दरड आणि पाण्याचा लोंढा यांचा मुद्दा पुढे येतो. मात्र या उक्तीचा दुसरा अर्थ येथेही ध्यानात घेण्यासारखा आहे. पावसाळ्यातल्या शंभरेक दिवसांपैकी बहुतेक दिवशी पुण्यात, नाशकात किंवा कोल्हापुरात पडणारा पाऊस सायकलला अजिबात आड येण्यासारखा नसतो, आणि केवळ भिजण्याच्या कंटाळ्याने चार महिने सायकल कोपऱ्यात ठेवणारा माणूस वर्षातला सर्वांत धूळविरहित आणि हिरवा काळ गमावतो. मडगार्ड, मागे-पुढे दिवे, झळाळणारे जाकीट, पोटात अन्न, आणि परतल्यावर साखळी पुसून तेल देण्याची सवय, एवढ्यावर हे दिवस निभतात.

येथवरचे सर्व विवेचन ज्याला निघावे की थांबावे याची मुभा आहे त्याच्यापुरते आहे. शासनाच्या मानव विकास कार्यक्रमातून राज्याच्या मागास तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेत जाण्यासाठी सायकली दिल्या जातात, आणि या सायकलींमुळे ज्यांचे शिक्षण सुटले असते अशा कित्येक मुली आज वर्गात आहेत. त्यांच्या वाटेवर मात्र बहुधा एखादा ओढा आणि त्यावरचा कमी उंचीचा फरशी पूल असतो. जिल्हाधिकारी पावसामुळे सुट्टी जाहीर करतात तेव्हा पुष्कळदा सकाळची शाळा भरलेली असते. संध्याकाळी परतताना पूल पाण्याखाली असतो, अंधार पडत असतो, घर पलीकडे दिसत असते, आणि अशा वेळी पाणी किती आहे हे ठरवण्याचे काम तेरा-चौदा वर्षांच्या मुलीवर येऊन पडते. प्रत्येक फरशी पुलाच्या दोन्ही टोकांना खोली दाखवणारा रंगवलेला खांब उभा करून त्यावर लाल रेघ ओढणे, पाणी रेघेला लागले की मुलींना शाळेतच किंवा अलीकडच्या गावात थांबवून घरी निरोप देण्याची जबाबदारी शाळा आणि ग्रामपंचायतीने आधीच ठरवून घेणे, आणि ती रेघ मुलींना शाळेच्या पहिल्या आठवड्यात प्रत्यक्ष पुलावर नेऊन दाखवणे, हे काम सायकल वाटण्याच्या खर्चाच्या मानाने नगण्य खर्चाचे आहे आणि ते जूनच्या आधी व्हायला हवे.